72 आणि 60

लाइट गेलेली होती. वहीनं वारा घेत बसले होते, तेवढ्यात दोघं पायरी चढून आले. बाप पुढं, मागं अकरावीतली पोरगी. तिच्या हातात आमच्याच दुकानाची डबी, आणि चष्मा डोळ्यांवर नाही, डबीत. नंबर मायनस आठ असलेलं माणूस चष्मा डबीत घालून रस्त्यानं येतं, म्हणजे काहीतरी बिनसलंय. माझ्या पोटात गोळाच आला.

"मॅडम, पोरीला दोन-दोन दिसतंय," खुर्चीला टेकायच्या आतच बाप म्हणाला. "एका डॉक्टरनं मेंदूचा फोटो काढा म्हणून लिहून दिलंय." चिठ्ठी खिशातून काढली, घामानं मऊ पडलेली.

दोन दिसणं ही तक्रार हसण्यावारी न्यायची नसते. डोक्यातलं दुखणंही त्यामागं निघू शकतं. म्हणून 'फोटोबिटो काही नको' म्हणायचं धाडस मी केलं नाही. पोरीला विचारलं, एक डोळा झाकल्यावर? "एकच." चष्मा काढल्यावर? "सगळं धूसर, पण एकच." आणि वाचताना? "वाचताना काही होत नाही. रस्त्यावर होतं. समोरनं एक मोटरसायकल आली की दोन येतात, मग सरकायचं कुठं तेच कळत नाही."

जवळ एक आणि लांब दोन. तिला दारात उभं केलं, चष्मा घालायला लावला आणि समोर एसटी स्टँडच्या गेटाजवळचा खांब दाखवला. दोन खांब. "आता उजवा डोळा झाक. कुठला गेला?"

"उजवीकडचा."

मी मुकाट्यानं चष्मा काढून घेतला. काचेचा नंबर आणि मध्य काढायचा लेन्सोमीटर लाइटीवर चालतो, तेव्हा जुनी हातची पद्धत. मायनसच्या काचेतून बघितलं की खिडकीचे गज बारीक दिसतात आणि काच जिकडं सरकवावी तिकडंच तेही सरकतात. एका जागी मात्र काचेतला गज आणि काचेबाहेरचा गज एका रेषेत येतात, उभाही आणि आडवाही. तो काचेचा मध्य. तिथं मार्करनं ठिपका द्यायचा. दोन्ही काचांवर ठिपके दिले आणि पट्टी लावली. 72 मिलिमीटर.

मग तिचे डोळे मोजले. समोर पेनटॉर्च धरला की बाहुलीत एक चकचकीत टिंब दिसतं. बुबुळावरचा पारदर्शक पडदा बहिर्वक्र आरशासारखा वागतो, आणि टॉर्चची इवलीशी, सुलटी, आभासी प्रतिमा आत 4 मिलिमीटरच्या आसपास पडते. या टिंबापासून त्या टिंबापर्यंत पट्टी. 60.

चष्म्याच्या दांडीवर आतून 54-18 छापलेलं होतं. काचेची रुंदी 54, नाकावरचा पूल 18, बेरीज 72. म्हणजे फिटरनं काच फ्रेमच्या बरोबर मधोमध बसवली होती. त्याची काही चूक नाही. ऑर्डरच्या चिठ्ठीवर पीडीचा, म्हणजे दोन बाहुल्यांमधल्या अंतराचा, रकाना कोराच होता, आणि ती चिठ्ठी माझ्या अक्षरातली होती. तिची जुनी फ्रेम 44-18 होती, बेरीज 62. त्या छोट्या फ्रेमनं असला आळस इतकी वर्षं खपवून घेतला असता.

ही मोठी फ्रेम निवडली तो दिवसही आठवला. मायनस आठवाल्याला चष्म्याशिवाय 13-14 सेंटिमीटरच्या पुढचं स्वच्छ दिसत नाही. आरशातली प्रतिमा तर आपण काचेपुढं जितके, तितकीच काचेमागं. म्हणजे स्वतःचा चेहरा नीट बघायला आरशापासून 7 सेंटिमीटरवर यायला हवं, नाक टेकायचंच बाकी! नुसती फ्रेम घालून ती तशीच आरशाला चिकटून उभी होती आणि शेवटी मोठ्या बहिणीनं "मस्त दिसतेय" म्हटल्यावर हो म्हणाली.

चष्म्याचा नंबर अगदी बरोबर होता. मायनस आठची काच लांबच्या वस्तूची आभासी प्रतिमा स्वतःपुढं साडेबारा सेंटिमीटरवर आणून ठेवते, म्हणजे तिला जिथलं दिसतं नेमकं तिथं. हे काम काच चोख करत होती. फक्त प्रत्येक डोळा मध्याच्या 6 मिलिमीटर नाकाकडून बघत होता, आणि तिथं काच लोलकासारखी, नाकाकडं जाड. हिशेब सोपा आहे. सेंटिमीटरमधलं अंतर गुणिले नंबर, 0.6 गुणिले 8 म्हणजे 4.8. दोन्ही डोळ्यांचे मिळून 9.6. मीटरभर अंतरावर साडेनऊ सेंटिमीटरची फारकत. उजव्या डोळ्याचा खांब उजवीकडं, डाव्याचा डावीकडं. दोन्ही एकावर एक आणायला डोळे बाहेरच्या बाजूला फिरवावे लागतात, आणि ते माणसाला फारसं जमत नाही. वाचताना डोळे एरवीही आत वळतात, तिथं फक्त थोडं कमी वळायचं. म्हणून पुस्तक एक आणि मोटरसायकली दोन.

बापाला हे सगळं सांगण्यात अर्थ नव्हता. ट्रायल फ्रेम काढली, तपासणीची ती लोखंडी, कुरूप चौकट. दोन्हीकडं मायनस आठ घातले, अंतर 60 वर लावलं आणि पोरीला परत दारात उभं केलं.

"एकच खांब!"

मग एकेक मिलिमीटरनं चकती फिरवत गेले. 62. 64. "एकच." 66. "एकच, पण ओढ बसतेय." 68 वर ती ओरडली, "फुटला!" उलटं फिरवत 64 वर आणलं तेव्हा कुठं परत जुळला. बाप तिच्या तोंडाकडं बघत होता.

ती मात्र काही वेळ गप्प राहून म्हणाली, "मॅडम, दहावीला आकृतीत होतं ना, मध्यातून जाणारा किरण वळत नाही. मला वाटायचं ते फक्त दोन मार्कांसाठी असतं."

काचा माझ्या खर्चानं बदलल्या, लहान फ्रेममध्ये. बापाला म्हटलं, चूक माझी आहे, पण तरी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, मेंदूच्या फोटोचं त्यांनाच ठरवू दे. तो चिठ्ठीची घडी करत म्हणाला, "पीडी का काय ते, मॅडम, लिहायला किती वेळ लागतो?"

"एक मिनिट."

चौथ्या दिवशी ती चष्मा न्यायला आली. पायरीवर उभं राहून तिनं न सांगताच आधी उजवा, मग डावा डोळा झाकून खांब बघितला.

त्या रात्री शटर अर्धं ओढून मी गेल्या सहा महिन्यांच्या चिठ्ठ्या काढल्या. पीडीचा रकाना कोरा असलेल्या अकरा निघाल्या. मायनस एकला 6 मिलिमीटर चुकले तरी डोळ्याला पत्ता लागत नाही, म्हणून त्या खाली ठेवल्या. वर होती प्लस सहाची एक शिक्षिका. सकाळी पहिला फोन तिला लावला.