उन्हाचं निमित्त नको, पोट्ट्यांना गल्ली द्या

अरब शहरांमध्ये लहान मुलं रस्त्यावर का दिसत नाहीत असं कुणालाही विचारा, पहिलं उत्तर ऊन. ५० डिग्रीत कोण खेळेल हो! आपल्याला नागपुरात हे लगेच पटतं कारण मे महिन्यात इथे पण पारा ४५ च्या वर जातो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि घरोघरी कूलरमध्ये पाणी टाकणं सुरू असतं. पण मला हे उत्तर पुरतं खरं वाटत नाही. ऊन काय काल आलं आहे का तिथे? कैरो, बगदाद, फेस ही शहरं हजार वर्षांहून जुनी आहेत, तेव्हाही ऊन होतंच, आणि तिथली पोरं घराबाहेरच वाढली ना.

मोरोक्कोतलं फेस घ्या. जुन्या शहरात गाड्या जातच नाहीत, गल्ल्या एवढ्या अरुंद की सामान गाढवावरून न्यावं लागतं. प्रत्येक मोहल्ल्यात मशीद, शाळा, पाण्याचं कारंजं, हमाम म्हणजे सार्वजनिक स्नानघर, आणि एक सामायिक भट्टी. घरी कणीक मळून झाली की त्याचे गोळे फळीवर मांडून वर कापड टाकायचं आणि घरातल्या पोराला भट्टीवर पिटाळायचं, भाजणारा प्रत्येक घराची भाकरी ओळखतो, आणि पोरगं गरम भाकरी घेऊन परत येतं. आता बघा, सात-आठ वर्षांचं मूल एकटं घराबाहेर पडतं, काम करून येतं, वाटेत दहा ओळखीची माणसं भेटतात, दोन्ही बाजूच्या उंच भिंतींमुळे डोक्यावर सावली असते आणि मागून गाडी यायची भीती नाही. वेगळं चाइल्ड झोन वगैरे कुणी केलेलं नव्हतं, गरजच नव्हती.

मग बदललं काय तर तेलाचा पैसा आला आणि त्याच्यासोबत कार आली. सौदीची राजधानी रियाध, तिचा मास्टर प्लॅन १९७० च्या दशकात ग्रीक नियोजनकार डोक्सिआडिस यांच्या ऑफिसने केला, त्यात शहराचे २ किलोमीटर बाय २ किलोमीटरचे चौकोन आखले आणि चौकोनांच्या मधून मोठमोठे रस्ते. त्यात घराच्या चारी बाजूंनी जागा सोडायचा नियम, म्हणजे एकाला एक लागून, मधे अंगण असलेली घरं गेली आणि उंच कंपाउंडमधले सुटे बंगले आले. सावली देणारी गल्ली संपली. आता रस्ता म्हणजे तापलेलं डांबर आणि दोन्हीकडे भिंती, तिथे पोरगं थांबणार कुठे आणि कशाला? गल्फमधली बाकी शहरंही थोड्याफार फरकाने अशीच वाढली. म्हणून मी म्हणते की ऊन होतंच, सावली आपण काढून घेतली.

आणि गाड्यांचा मुद्दा साधा नाही. ५ ते २९ वयातल्या मृत्यूंचं जगातलं सगळ्यात मोठं कारण रस्ते अपघात आहे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा आईबाप पोराला खाली सोडत नसतील तर त्यांना भित्रे म्हणण्यात काही अर्थ नाही.

माझी मावसबहीण यूएईतल्या शारजाला राहते, तिची मुलगी नऊ वर्षांची. सुट्टीत ती नागपूरला आली की पहिले काही दिवस दारात चपला घालून उभी राहते आणि विचारते, मावशी, मी खाली एकटी जाऊ? दरवेळी विचारते. तिकडे त्यांच्या बिल्डिंगखाली पार्किंग आहे, तिथे खेळलं की वॉचमन हाकलतो, बाग आहे पण मधे सहा लेनचा रस्ता, म्हणजे बाबा ऑफिसातून येईपर्यंत बाग नाही. पोर हुशार आहे, तीन भाषा बोलते, पण किराणा दुकानातून एकटीने दही कधी आणलेलं नाही. इथे आणलं तेव्हा उरलेले सुट्टे पैसे तिने माझ्या हातावर एक एक करून मोजून दिले, मला फार भरून आलं.

शारजाला दोष द्यायचा म्हणून हे लिहीत नाहीये. उलट युनिसेफची चाइल्ड फ्रेंडली सिटी म्हणून मान्यता या भागात ज्यांनी आधी मिळवली त्यात शारजा आहे, २०१८ साली. युनिसेफचा हा उपक्रम १९९६ पासूनचा आहे. आणि २००२ च्या डिसेंबरमध्ये जॉर्डनमधल्या अम्मानला मुलं आणि शहर याच विषयावर मोठी परिषद झाली होती, जागतिक बँक, रियाधची अरब अर्बन डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट आणि अम्मान महापालिका मिळून, अरब शहरांचे महापौर बोलावून. म्हणजे विचार करणारी माणसं तिथे कमी नाहीत. फक्त कागदावरून फुटपाथवर यायला फार वेळ लागून राहिला आहे. त्यातही यूएईमध्ये दहातली जवळपास नऊ माणसं बाहेरून आलेली, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी, त्यांच्या पोरांचं बालपण कुणाच्या हिशोबात धरायचं हा प्रश्न आहेच. माझ्या मते तरी जिथे पोर राहतं ते शहर त्याचं, पासपोर्ट कुठलाही असो.

चांगलं काम बघायचं असेल तर कैरोच्या सय्यदा झैनबमध्ये बघा. दाटीवाटीची जुनी वस्ती, आणि तिथे एका पडीक बागेच्या जागी अब्देलहलीम इब्राहिम अब्देलहलीम या आर्किटेक्टने मुलांसाठी सांस्कृतिक उद्यान केलं, त्याला १९९२ साली वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. मला त्यातली भावलेली गोष्ट म्हणजे आधीची पामची झाडं तोडली नाहीत, जवळच्या इब्न तुलून मशिदीच्या मिनाराला बाहेरून गोल जिना आहे तसे ओटे चढत जातात, आणि पायाभरणीचा कार्यक्रमच वस्तीतल्या लोकांना, मुलांना सोबत घेऊन केला. गरीब वस्तीतल्या पोरांना उरलंसुरलं द्यायचं नाही, उत्तम तेच द्यायचं, हे मला फार मोठं वाटतं. त्याच शहरात पुढे २००५ मध्ये अल अझहर पार्क सुरू झालं, शेकडो वर्षं कचरा टाकून डोंगर झालेल्या जागेवर. आणि ज्या रियाधबद्दल वर एवढं बोलले तिथेच वादी हनीफा आहे, १२० किलोमीटरची दरी, घाण पाणी आणि बांधकामाचा मलबा टाकून टाकून पार वाया गेलेली, ती साफ करून, दगडी बंधारे घालून, झाडं लावून परत जिवंत केली. आता सुट्टीच्या दिवशी कुटुंबंच्या कुटुंबं सतरंज्या घेऊन तिथे जातात.

कतारच्या दोहात तर बागेत चक्क थंड हवा सोडणारे चालायचे ट्रॅक केले आहेत. मला हे पटत नाही. पैसा आहे म्हणून आज जमतं, पण येमेनचं सना किंवा सुदानचं खार्तूम हे कुठून करणार? झाडाची सावली, अरुंद गल्ली, भिंतीलगत बसायला ओटा, हे गरीब शहरालाही परवडतं आणि विजेचं बिल येत नाही.

एक गोष्ट आपल्या लोकांना नक्की समजेल. कुवेत, बहरीन, सौदीचा पूर्व भाग इथे रमजानच्या मध्यावर गरगीआन असतो, मुलं नटूनथटून गाणी म्हणत मोहल्ल्यात दारोदार जातात आणि लोक त्यांच्या पिशव्यांमध्ये सुकामेवा, गोळ्या टाकतात. अगदी आपला तान्हा पोळा! लाकडी नंदीबैल ओढत पोट्टे घरोघरी जातात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे घेतात, तसंच. हा सण करायला काय लागतं तर चालता येईल अशी गल्ली आणि उघडणारी दारं, बस. आता तिकडे त्याचे कार्यक्रम मॉलमध्ये पण होतात, एसी आहे, स्टेज आहे, मुलांना भेटवस्तू मिळतात, पण शेजारच्या काकूचं दार वाजवायचं राहून जातं. आपल्याकडेही तान्हा पोळा बऱ्याच जागी नंदी सजावट स्पर्धा होऊन बसला आहे, पोरं रांगेत उभी आणि आया फोटो काढतायत.

मोठ्या मुलांबद्दल कुणी बोलत नाही याचा मला राग येतो. तिकडे काही ठिकाणी बारा-तेराचा मुलगा झाला की कुटुंबांसाठी राखीव अशा फॅमिली पार्कच्या गेटवर त्याला अडवायला सुरुवात होते, आणि त्याच वयाची मुलगी खेळाच्या मैदानावरून गायबच होते. झोके आणि घसरगुंडी लावली की काम संपलं असं नाही ना. फुटबॉलला जागा लागते, मुलींना कुणी टोकणार नाही असा कोपरा लागतो. आणि गाझा, अलेप्पो, मोसुलमध्ये तर पोरं ढिगाऱ्यात खेळतात, तिथे बागेच्या आधी न फुटलेले बॉम्ब काढावे लागतात. त्यावर लिहायला मला शब्द नाहीत, पण वगळून पुढे पण जाववत नाही.

आता आपलं बघा. नागपूर हिरवं म्हणून आपण मिरवतो, अंबाझरी आहे, महाराजबाग आहे, सगळं खरं. पण महाल भागातल्या जुन्या गल्लीत अजून पोट्टे संध्याकाळी क्रिकेट खेळून राहिले आणि नव्या ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून झालेल्या वसाहतीत, रस्ता रुंद, सिमेंटचा, कडेची झाडं गेलेली, रात्री नऊला सुद्धा पायाला चटका लागतो. ओपन स्पेसला कुलूप, किंवा लग्नाचा मंडप. आमच्या ले-आउटमध्ये सध्या त्याच जागेवर पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करायचं चाललं आहे. मी आणि अजून काही जणींनी लेखी हरकत दिली आहे, सोबत कडुनिंबाची रोपं आम्ही लावतो आणि जगवतो असंही लिहून दिलं आहे. मीटिंग पुढच्या रविवारी आहे.

शारजा, दोहा, मस्कतकडे राहणारे कुणी नागपूरकर हे वाचत असतील तर सांगा, तुमच्याकडे संध्याकाळी मुलं कुठे खेळतात, आणि तिथपर्यंत एकटी जाऊ शकतात का?