आपली हौस, दुसऱ्याचे चोचले

आषाढ शुद्ध नवमी

आज कांदेनवमी. परवा आषाढी एकादशी, मग कार्तिकीपर्यंत आईचा कांदा, लसूण, वांगं बंद. म्हणून आज भजी, भरली वांगी आणि वर कांद्याचं थालीपीठ. बाबांनी आणखी एक घाणा मागितला तशी आई म्हणाली, "पुरे झाले जिभेचे चोचले!" तिनं स्वतः कढईजवळ उभ्या उभ्या किती खाल्ली ते मी पाहिलं होतं. पण ती हौस. आपली असते ती हौस, दुसऱ्याचे ते चोचले.

मला हा हौस शब्द भारी आवडतो. मूळ अरबी 'हवस', फारसीतून आपल्याकडे आला. हिंदीत हवस म्हणजे वासना. शब्द उच्चारतानाच आवाज खाली जातो. मराठीत मात्र तो पार धुऊन-पुसून घरात आला. हौसेला मोल नसतं, नाटकवाले हौशी असतात, आणि खेडोपाडी आजीबाईंचं नाव चक्क हौसाबाई!

चोचल्यांना ही इज्जत नाही. ते पुरवले जातात, आणि पुरवणाऱ्याच्या कपाळावर आठी असते. (हल्ली खाण्यापिण्यावर लिहिणारे 'जिभेचे चोचले पुरवा' असं आग्रहानं सांगतात. आईला हे वाचून दाखवायला हवं.) लाड त्यातल्या त्यात बरे, पण तेही 'फाजील' व्हायला वेळ लागत नाही.

खरा मान डोहाळ्यांना. संस्कृत 'दोहद'चं हे मराठी रूप. सुश्रुतसंहितेत गरोदर बाईला दौहृदिनी म्हटलंय, दोन हृदयांची. तिची इच्छा डावलली तर बाळात व्यंग येतं, अशी तेव्हाची समजूत. ती खरी नसेना का, तिच्यामुळे एका बाईला तरी हक्कानं काही मागता आलं. चिंचा, कैऱ्या, मध्यरात्री भेळ, काहीही. कुणी चोचले म्हणत नाही. उलट सातव्या महिन्यात ओटी भरून, फुलांच्या दागिन्यांनी नटवून, झोपाळ्यावर बसवून थाटात डोहाळजेवण. पुरुषाच्या वाट्याला हा शब्द सहसा टोमण्यातच येतो. संध्याकाळी मी हप्त्यांवर मोठा टीव्ही घ्यायचं काढलं, तर बाबा भजं चावत म्हणाले, "भिकेचे डोहाळे!"