क्रासमधील मानसशास्त्रज्ञ

ब्राझीलमध्ये राहायला आल्यापासून ‘क्रास’ म्हणजे सामाजिक साहाय्याच्या सरकारी केंद्राची पाटी मी वस्तीवस्तीत पाहत होतो. मात्र तेथे मानसशास्त्रज्ञाचे काय काम असते, हे शेजारच्या आजींसोबत एका केंद्रात गेलो तेव्हाच उमगले. वयाची ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे दरडोई उत्पन्न किमान वेतनाच्या एक चतुर्थांशाहून अधिक नसलेल्या व्यक्तीला येथे सरकारकडून दरमहा एक किमान वेतन मिळते. त्यासाठी तिने पूर्वी विम्याची वर्गणी भरलेली असावी, अशी अट नाही. आजी त्याच चौकशीसाठी आल्या होत्या.

कागदपत्रे समाजकार्यकर्तीने पाहिली. त्यानंतर मानसशास्त्रज्ञ बाई जवळ येऊन बसल्या, तेव्हा आता समुपदेशन सुरू होणार, असे मला वाटले. त्यांनी मात्र दिवसा घरी कोण असते, आजारपणात आजी कोणाला हाक मारतात, परगावच्या मुलाशी शेवटचे बोलणे केव्हा झाले, एवढेच अत्यंत शांतपणे विचारले आणि दर आठवड्याला भरणाऱ्या ज्येष्ठांच्या गटात येण्याचे निमंत्रण दिले.

यात उपचार नव्हता, आणि तो नसणे हेतुपुरस्सर आहे. १९८८ च्या राज्यघटनेने सामाजिक साहाय्य हा गरजू व्यक्तीचा हक्क मानला, १९९३ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २००५ पासून ‘सुआस’ या नावाने देशव्यापी व्यवस्था उभी राहिली. तिच्या २००६ च्या मनुष्यबळविषयक नियमावलीने क्रासच्या चमूत मानसशास्त्रज्ञाला स्थान दिले. परंतु मानसोपचार हे सार्वजनिक आरोग्यसेवेचे काम राहिले. गरज भासल्यास कुटुंबाला तिकडे पाठवले जाते. हिंसाचार किंवा शोषण घडले असल्यास ‘क्रेआस’ हे वेगळे केंद्र असते. क्रासमध्ये गृहभेटी, कुटुंबांचे गट आणि तुटत चाललेली नाती सावरणे यांवर भर असतो. ही सीमारेषा मला फार मोलाची वाटते, कारण ती पुसली गेली तर ज्याच्या घरात अन्न नाही त्याच्या मनातच दोष शोधला जाण्याचा धोका असतो.

अर्थात हे काम सोपे नाही. मोठ्या शहरांत एका केंद्राच्या क्षेत्रात पाच हजारांपर्यंत कुटुंबे असू शकतात आणि नियमाने बंधनकारक असलेला मानसशास्त्रज्ञ एकच. त्यातच न्यायालये या चमूंकडे कुटुंबांविषयीचे अहवाल मागतात. आपण सांगितलेले उद्या न्यायाधीशांपुढे जाईल आणि मूल दुरावेल, अशी धास्ती असलेली आई मन कसे मोकळे करील? विश्वासाने ऐकणे आणि अहवाल लिहिणे ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीवर लादणे मला अन्यायाचे वाटते.

आजींचा अर्ज मंजूर व्हायला काही महिने लागले. गटात येण्यासाठी मात्र मंजुरीची अट नव्हती, त्यामुळे त्या पुढच्याच आठवड्यापासून तेथे जाऊ लागल्या होत्या.