पंचहौदचा चहा आणि पिलाताचा प्रश्न

शिवाजीनगर कोर्टाबाहेर मी प्रतिज्ञापत्रं टाइप करून देते. पूर्वी रेमिंग्टनवर, आता संगणकावर. नाव बदललं, मार्कशीट हरवली, रेशनकार्डावर आडनाव चुकलं, वारस कोण कोण, असली कामं. मजकूर कुठलाही असो, खालची ओळ तीच असते: वर लिहिलेलं माझ्या माहितीप्रमाणे आणि समजुतीप्रमाणे खरं व बरोबर आहे. मग सही, मग नोटरीचा शिक्का.

या धंद्यात खोटं बोलणारे भरपूर भेटतात. ‘मॅडम, जन्मसाल जरा पुढचं टाका ना, भरतीचं वय उलटतंय.’ मी टाकत नाही, मग ते पलीकडच्या टेबलाकडे वळतात. पण गंमत अशी, की साल पुढे ढकला म्हणणाऱ्याला खरं साल चोख ठाऊक असतं. ते ठाऊक नसेल तर किती ढकलायचं हे तो सांगणार कसा? सत्य ज्याचं त्याचं वेगळं असतं, असं आजवर एकाही पक्षकाराने मला ऐकवलेलं नाही.

ते ऐकवलं माझ्या भाच्याने. बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलंय, त्यामुळे सध्या घरात कुणालाच सुखाने जेवता येत नाही. पंचहौदच्या देवळातून, म्हणजे आमच्या चर्चमधून, रविवारची उपासना आटोपून आलो होतो. पाळकसाहेबांनी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायावर उपदेश केला होता: ‘मार्ग, सत्य व जीवन मीच आहे.’ भात वाढून घेता घेता हा म्हणाला, ‘मावशी, येशू तुझ्यासाठी सत्य आहे, हे मला मान्य आहे. पण सगळ्यांसाठी एकच सत्य, हे जरा दादागिरीचं वाटत नाही का तुला?’

त्याच्या आईने डोळे वटारले. मला मात्र प्रश्न आवडला. चर्चच्या युवक संघात असले प्रश्न कुणी विचारत नाही आणि विचारलेच तर ‘विश्वास ठेव’ म्हणून गप्प करतात.

मी त्याला पंचहौदचाच चहा आठवून दिला. गुरुवार पेठेतल्या या मिशनमध्ये १८९० साली पुण्यातली बडी मंडळी व्याख्यानाला जमली होती. लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी यजमानाचा मान राखून कप नुसता हातात धरला आणि खाली ठेवला. डॉ. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनी नावांची यादी छापून आणली आणि सनातन्यांनी प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत नेलं. चौकशी बसली, प्रायश्चित्तं झाली.

आता ख्रिस्त्यांच्या हातचा चहा हे पाप की नाही, यावर तेव्हा शंभर मतं होती. प्रायश्चित्त घेणं शहाणपणाचं की भित्रेपणाचं, यावर आजही वाद घालता येईल. पण अमक्या माणसाच्या घशाखाली त्या संध्याकाळी चहा उतरला की नाही, हे मतावर अवलंबून नव्हतं. यादी चुकीची असू शकते, साक्षीदार खोटा असू शकतो, शंभर वर्षांनी आपल्याला कळायचा मार्गही उरलेला नसेल. तरी चहा उतरला होता, किंवा उतरला नव्हता.

भाचा म्हणाला, ‘ते चहाचं झालं. देवाचं तसं नसतं.’

इथेच आमचं ख्रिस्ती लोकांचं जरा विचित्र आहे. आमचा विश्वास नुसता उपदेशावर उभा असता तर तो म्हणतो ते चाललं असतं. शेजाऱ्यावर प्रीती करा, शत्रूला क्षमा करा. ज्याला पटेल त्याने घ्यावं. पण बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय काढून बघा. येशूला मरून पुरती तीस वर्षंही झाली नव्हती तेव्हाचं ते पत्र. त्यात तो साक्षीदारांची जंत्रीच देतो. मरून उठलेला येशू केफाला, म्हणजे शिष्य पेत्राला, दिसला, मग बारा शिष्यांना, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधूंना, आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. हे शेवटचं वाचताना मला नेहमी माझं टेबल आठवतं. साक्षीदार हयात आहेत असं लिहून देणारा माणूस ‘जा, विचारून या’ म्हणत असतो. आणि पुढे तो आपलीच मान सुळावर ठेवतो: ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर आमची घोषणा फुकट, तुमचा विश्वासही फुकट. ‘निदान मनाला शांती तरी मिळते ना’ असली सवलत तो घेत नाही. झालं असेल तर सगळ्यांसाठी झालंय. झालं नसेल तर माझ्यासाठीसुद्धा झालेलं नाही, मग मी रविवारी लवकर उठून साडी कशाला नेसायची?

भाच्याने लगेच शुभवर्तमानांमधल्या, म्हणजे येशूच्या चार चरित्रांमधल्या, विसंगती काढल्या. कबरेपाशी एका ठिकाणी एक देवदूत, दुसरीकडे दोन. बायकांची नावंही पुढेमागे होतात. हो, होतात. मी त्याला एवढंच सांगितलं, की चार साक्षीदारांचे जबाब स्वल्पविरामासकट जुळले तर कोर्टातला नवखा वकीलसुद्धा विचारतो, मजकूर कुणी पढवला? याने पुनरुत्थान सिद्ध होत नाही, ते मलाही समजतं. पण विसंगती दिसली की प्रकरण निकालात निघालं, असंही होत नाही.

मग येशूला वधस्तंभाची शिक्षा देणारा पिलात निघाला. तो निघणारच होता, तत्त्वज्ञानाच्या पोरांचा तो लाडका. योहानाच्या अठराव्या अध्यायात येशू म्हणतो, मी सत्याविषयी साक्ष द्यायला जगात आलो, आणि पिलात विचारतो, ‘सत्य काय आहे?’ हा पिलात दंतकथेतला नव्हे. इ.स. २६ ते ३६ अशी दहा वर्षं तो यहूदीया प्रांताचा रोमन सुभेदार होता. १९६१ साली त्याच प्रांतातल्या कैसरियाच्या उत्खननात त्याचं नाव कोरलेली शिलाही सापडली. आणि या संभाषणाचा तर पपायरसचा तुकडाच शिल्लक आहे. बायबलमधल्या नव्या कराराच्या सापडलेल्या सगळ्यात जुन्या तुकड्यांमध्ये त्याची गणना होते. तळहाताएवढा, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, मिळाला, मँचेस्टरच्या ग्रंथालयात ठेवलाय. पिलाताचा प्रश्न नेमका फाटून गेलेल्या भागात होता. त्याआधीचं येशूचं बोलणं अर्धंमुर्धं उरलंय.

भाच्याला पिलात प्रामाणिक वाटतो. निदान शंका तरी घेतो, म्हणे. मला तो तसा कधीच वाटला नाही. प्रश्न टाकून तो उत्तराला थांबत नाही, उठून बाहेर जातो. बाहेर जाऊन जमावाला काय सांगतो? ‘मला त्याच्या ठायी काही अपराध दिसत नाही.’ म्हणजे त्या प्रकरणापुरतं सत्य त्याला पुरतं कळलं होतं. समोरचा माणूस निर्दोष आहे, एवढं कळायला कुठलं तत्त्वज्ञान लागत नाही. कळलेलं असून त्याने त्याला फटके मारवले आणि वधस्तंभाला दिलं, कारण रोमच्या बादशहाचं नाव घेऊन ‘ह्याला सोडलंत तर तुम्ही कैसराचे मित्र नाही’ असा जमावाने दम भरला. सत्य कुणाला ठाऊक, असं म्हणणाऱ्यांतले पुष्कळ जण मला या जातीचे वाटतात. ठाऊक असतं, परवडत नसतं. सगळेच तसे नसतात हेही खरं, माझा भाचा तर नाहीच.

दादागिरीचा त्याचा मुद्दा मात्र मी झटकून टाकला नाही. अंतिम सत्य आपल्या खिशात आहे अशा थाटात बोलणारे उपदेशक मी ऐकलेत. मांडवात उभं राहून ते शेजाऱ्यांच्या देवांची अशी टिंगल करतात की मान खाली जाते. त्यांना पौलाचं तेच पत्र दोन अध्याय मागे जाऊन वाचायला द्यावं. आता आपल्याला आरशात अंधुक दिसतं, असं तिथे लिहिलंय, आणि ते पौल स्वतःला धरून लिहितोय. ‘सत्य मीच आहे’ हे येशूचं म्हणणं. ‘सत्य आम्हीच आहोत’ असं मंडळीने, म्हणजे चर्चने, म्हणावं याला शास्त्रात काही आधार मला सापडलेला नाही.

या बाबतीत माझा आदर्श पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि ज्या मठवासी भगिनींनी आसरा दिला त्यांच्याशीच पत्रांतून वाद घातला. एका पुरोहितवर्गाचं जू महत्प्रयासाने उतरवलंय, आता दुसऱ्या तसल्याच जुवाखाली मान देणार नाही, असं बजावलं. बाईंचा ख्रिस्तावरचा विश्वास मरेपर्यंत पक्का राहिला. तरी त्याचा अर्थ कुणी परस्पर लावून दिलेला त्यांना चालेना. म्हणून केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल स्वतः मराठीत आणलं. इकडच्या विद्वानांना त्या नको झाल्या होत्या आणि तिकडच्या मिशनऱ्यांना पेलवत नव्हत्या. सत्य एकच आहे असं मानणारी बाई इतकी स्वतंत्र असू शकते, हे भाच्याला पटायला जड गेलं.

आमच्या मजल्यावरच्या काकूंचंही सांगते. माळकरी आहेत, आळंदीची वारी चुकवत नाहीत. जिन्यात त्यांनी मला सरळ विचारलं होतं, ‘तुमच्या धर्माप्रमाणे आम्ही चुकीच्या वाटेवर, असंच ना?’ गोड बोलून सुटता आलं असतं. मी म्हटलं, ‘काकू, येशूवाचून पित्याकडे जाता येत नाही असं मी मानते, ते मी तुमच्यासाठी बदलू शकत नाही. पण तुमचा निवाडा करायला मला कुणी बसवलेलं नाही. आणि आमचे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तर म्हणत, मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो.’ त्या म्हणाल्या, ‘पुलावरून परत पण येता येतं हो.’ आणि हसत खाली गेल्या. बोलणं तुटलं नाही. उलट, सगळे धर्म सारखेच म्हणणाऱ्या तळमजल्यावरच्या गृहस्थांशी त्यांचं पटत नाही. माझं काहीच नीट ऐकून घेत नाहीत, म्हणतात.

भाच्याने आता नवीनच पेच घातलाय. म्हणतो, महात्मा फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, येशूबद्दल आदराने लिहिलं, १८७३ साली याच पुण्यात सत्यशोधक समाज काढला, सगळ्यांचा निर्मिक एकच आणि सत्यही एकच असं म्हणाले, पण बाप्तिस्मा काही घेतला नाही. मग त्यांचं काय? मी म्हटलं, आधी हे लक्षात घे, की ज्याचं त्याचं सत्य वेगळं हे तुझं म्हणणं फुल्यांनीही खपवून घेतलं नसतं. राहिलं त्यांचं काय, तर पौलाच्याच रोमकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाच. ज्यांना देवाचं नियमशास्त्र मिळालं नाही त्यांच्याही अंतःकरणावर ते लिहिलेलं असतं, असं तिथे आहे. त्याने मोबाइलवर तिथेच वाचलं आणि म्हणाला, ‘ही पळवाट आहे.’ मी म्हटलं, पुढच्या ओळी वाच, त्यात न्यायाचा दिवसही आहे, आणि अध्यायाचा आरंभ आपल्यासारख्या दुसऱ्याला दोष देणाऱ्यांपासून केलाय. त्यावर त्याने पहिला अध्यायही काढला. तोवर भात गार झाला होता.