रात्री दोन वाजता आलेला फोटो

"आता जाहिरात मशीनच लिहितं, कुणाला दाखवायची तेही मशीनच ठरवतं. मग कंपनीत मार्केटिंगवाले करतात काय?" कॉलेजात बोलायला गेलो की हा प्रश्न ठरलेला. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

मी शेतीपंप बनवणाऱ्या एका कंपनीत २७ वर्षं आहे. लागलो तेव्हा आमचं मार्केटिंगचं खातं म्हणजे जाहिरातीच्या भिंती रंगवणं, जत्रेत स्टॉल लावणं आणि दिवाळीला डीलरांकडे कॅलेंडरं पोचवणं. पंप कसा असावा हे डिझाइनवाले ठरवत, किती खपावा हे सेल्सवाले. सगळं ठरलं की आम्ही त्याचे गोडवे गायचे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि बघता बघता वस्तीवस्तीवर व्हॉट्सअ‍ॅप पोचलं. आम्ही एका सवलत योजनेच्या पत्रकावर नंबर छापला. योजनेबद्दल विचारणारे मोजकेच निघाले. आले ते फोटो: जळालेलं वायंडिंग, म्हणजे मोटारीतली तारेची गुंडाळी; झिजलेला इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चाक. खाली एवढंच, "साहेब, दुसऱ्यांदा मोटार भरली." म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळली.

मग जाहिरात एजन्सीतला मुलगा आकडे घेऊन आला. आपले मेसेज रात्री दीड ते तीनमध्ये खूप उघडले जातात, तेव्हाच जाहिराती सोडू म्हणाला. आकडा खरा होता. पण त्या वेळी माणूस जागा का, हे त्याच्या गावीही नव्हतं. शेतीच्या लाईटची पाळी बऱ्याचदा रात्रीची असायची. माणूस विहिरीवर उभा, एका हातात बॅटरी, मोटार उचलत नाही म्हणून फोन काढलेला. त्याला तेव्हा नवा पंप दाखवायचा? शिव्या खायच्या असतील तर जरूर दाखवा.

ते फोटो घेऊन मी डिझाइनच्या बैठकीत गेलो. "तुम्ही तुमची पत्रकं बघा की," हे ऐकून घेतलं. पुन्हा गेलो. वर्षभरानं, विजेच्या तीन फेजपैकी एक गेली की मोटार जळायच्या आत बंद करणारा, मोबाईलवरून चालणारा स्टार्टर पंपाच्या जोडीनं द्यायचं ठरलं. काय बनवायचं यात आमचं खातं पहिल्यांदा बोललं ते तेव्हा.

मार्केटिंगचं काम नेमकं कोणतं, हा गोंधळ थोरामोठ्यांचाही झालाय. कोका-कोलानं २०१७ मध्ये मुख्य मार्केटिंग अधिकारी हे पदच काढून 'ग्रोथ', म्हणजे धंद्याची वाढ, पाहणारा अधिकारी नेमला, आणि काही वर्षांत जुनं पद परत आणलं.

आमच्याकडे बळी गेला तो भिंतींचा. भिंत किती जणांनी वाचली ते मोजता येत नाही, म्हणून अकाउंट्सनं तो खर्च कापला. मला ते अजून पटलेलं नाही. करमाळ्याच्या रस्त्याला आमची एक जुनी भिंत आजही लांबून वाचता येते. तिच्यावरचा नंबर तेवढा बंद पडलाय.

पत्रकं आता मशीन लिहितं, बरी लिहितं. खात्यात शेवटचा घेतलेला मुलगा इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला आहे. त्याला चार ओळी धड लिहिता येत नाहीत. पण जळालेल्या वायंडिंगचा फोटो बघून एक फेज गेली होती की लोडच जास्त झाला, हे तो चहा संपायच्या आत सांगतो.