तळघरात न उतरणारे आजोबा

दोन वर्षं आमच्या जिन्याच्या वळणावर एक सायकल उभी होती. तिच्या शेजारी दोन घडीच्या खुर्च्या, तांदळाचं पोतं आणि एक जुनी बॅग. हेगमधल्या जुन्या इमारतींचे जिने म्हणजे जवळजवळ शिडीच. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चढताना त्या सायकलच्या पेडलला माझ्या कोटाची कड हमखास अडकायची. खाली तळघरात प्रत्येक घराला कुलूपबंद खोली दिली आहे. सायकली तिथे ठेवायच्या आणि जिना मोकळा ठेवायचा, कारण आग लागली तर माणसांना बाहेर पडता आलं पाहिजे. हा नियम मला मनापासून पटतो. डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत जिन्यात कुंड्या, चपलांचे रॅक, मोडकी कपाटं असायची, आणि कुणी बोललं की ‘तुम्हाला काय त्रास होतो?’ हे उत्तर ठरलेलं. इथे लेखी तक्रारीला उत्तर तरी येतं. म्हणून मी तक्रार केली, एकदा नव्हे, दोनदा.

सायकल तिसऱ्या मजल्यावरच्या सिरियन गृहस्थांची. वय साठीच्या पुढे. माझा मुलगा त्यांना ‘वरचे आजोबा’ म्हणतो. ती सायकल ते रोज खांद्यावर टाकून वर आणतात. दम लागतो, मध्ये दोनदा थांबतात, पण खाली ठेवत नाहीत. मला वाटायचं, हट्टीपणा आहे.

गेल्या महिन्यात त्यांनी आमचं दार वाजवलं. हातात घरमालक संस्थेचं पत्र होतं. त्यांना डच बोलता येतं, पण सरकारी भाषेतलं वाचताना अडखळतं. ‘जरा समजावून सांगता का?’ म्हणाले. माझ्याच तक्रारीवरून आलेलं पत्र मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पत्राची घडी घातली आणि म्हणाले, ‘मी तळघरात जात नाही. झमाल्का.’

झमाल्का हे सिरियाची राजधानी दमास्कसला लागून असलेल्या पूर्व घुता भागातलं गाव. २१ ऑगस्ट २०१३च्या पहाटे तिथे सारिन हा मज्जासंस्था बंद पाडणारा विषारी वायू भरलेली रॉकेट्स पडली. आजोबा त्या रात्री भावाच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी होते. त्यांची बायको आणि धाकटी मुलगी नेहमीप्रमाणे तळघरात झोपल्या होत्या, कारण तोफांच्या माऱ्यापासून तळघरच वाचवायचं. संयुक्त राष्ट्रांच्या पथकाच्या अहवालात त्या पहाटेच्या हवेबद्दल लिहिलेलं आहे. दोन ते पाचच्या दरम्यान तापमान उतरत होतं, हवा वर न जाता खाली बसत होती, त्यामुळे जड वायू जमिनीलगत राहून इमारतींच्या खालच्या भागांत शिरला. हे वाक्य मी पूर्वी वाचलं होतं. वाचून पुढे गेले होते. आजोबांनी ते दोन शब्दांत सांगितलं: ‘वरचे वाचले.’

मी हे आमच्या घरच्या ग्रुपवर लिहिलं आणि तिथे वाद पेटला. मामांनी लगेच विचारलं, सिरियाच्या सरकारनंच केलं याला पुरावा काय? इराकच्या वेळीही अमेरिका छातीठोकपणे सांगत होती, तिथे काय सापडलं? शिवाय संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक तीनच दिवसांपूर्वी दमास्कसमध्ये येऊन उतरले होते. त्यांच्या नाकासमोर कुठलं सरकार गॅस सोडेल?

मामा, मी तुमच्यावर रागावले नाही. बरीच वर्षं मीही हेच बोलत होते. २००३ साली मी कॉलेजात होते. खोट्या माहितीवर एक अख्खा देश उद्ध्वस्त झालेला आपल्या पिढीनं पाहिला आहे, त्यामुळे गोऱ्या देशांनी कुणाकडे बोट दाखवलं की आपण आधी त्या बोटाकडे बघतो. ही सवय वाईट आहे असं मला अजूनही वाटत नाही. पण ‘असं कोण करेल?’ हा पुरावा नव्हे, तो अंदाज आहे. पुरावा असतो तो रसायनात आणि पत्र्यात. आणि त्यातलं मला थोडं कळतं.

तुम्हाला माहीतच आहे, इथे येण्याआधी मी सहा वर्षं जलशुद्धीकरण केंद्रात काढली. क्लोरीनचे टनर (टनभर वायू मावणारी मोठी सिलिंडरं) तुम्ही पाहिलेत, माझ्याबरोबर एकदा आत आला होतात. पिवळे, आडवे, हलवायला क्रेन लागते असे. पहिल्याच दिवशी आम्हाला शिकवलं होतं की क्लोरीन हवेच्या अडीच पट जड असतो. गळती झाली तर खाली वाकायचं नाही, खड्ड्यात उतरायचं नाही, वाऱ्याची दिशा बघून उंचावर जायचं. दर सहा महिन्यांनी आमची ती कवायत व्हायची. आता ७ एप्रिल २०१८ची, दमास्कसजवळच्या दूमा गावातली इमारत डोळ्यांसमोर आणा. तिथे क्लोरीनचंच, पण टनरहून लहान, पिवळं सिलिंडर गच्चीवर आदळून फुटलं आणि वायू तिथून खाली घरांमध्ये पसरला. ४३ माणसं गेली. मला जे शिकवलं होतं ते त्या इमारतीत कुणाच्याही उपयोगाला आलं नसतं, कारण मरण वरूनच आलं होतं.

एवढं वजन गच्चीवर आदळून आत घुसायचं तर ते उंचावरून पडावं लागतं. या युद्धात हेलिकॉप्टरं सरकारकडे होती, बंडखोरांकडे नव्हती. रशियानं तेव्हा दूमातल्या काही लोकांना विमानानं इथे हेगला, जिथे रासायनिक अस्त्र प्रतिबंधक संघटनेचं मुख्यालय आहे, आणलं आणि हल्ला झालाच नाही असं त्यांच्याकडून वदवलं. त्या संघटनेच्या दोन माजी निरीक्षकांनीही तिच्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. ते आक्षेप मी वाचलेत, उडवून लावलेले नाहीत. पण जानेवारी २०२३मध्ये संघटनेच्या तपास पथकानं सिलिंडरं कशी पडली इथपासून वायू कसा पसरला इथपर्यंत सगळं पुन्हा तपासलं आणि किमान एका सिरियन हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनं ती सिलिंडरं टाकली, असं मानायला सबळ कारणं असल्याचं सांगितलं.

सारिनचं तर याहून पक्कं आहे. तो घरच्या घरी बनवता येत नाही. टोकियोच्या ओम शिन्रिक्यो पंथानंही सारिन बनवला होता, मग बंडखोरांना का जमणार नाही, असं तुम्ही ग्रुपवर विचारलंत. त्या लोकांनी १९९५मध्ये मेट्रोत सारिन सोडला, पण मोठा कारखाना उभारूनही ते टनांच्या आसपास पोचले नाहीत. सिरियन सरकारच्या सारिनची एक खास पाककृती होती. मिश्रणातून सुटणारं आम्ल शोषून घ्यायला ते हेक्झामिन वापरत. घुतातल्या नमुन्यांत हेक्झामिन सापडलं, आणि नंतर सिरियानं स्वतःच जाहीर केलेल्या साठ्यात ८० टन हेक्झामिन निघालं. ४ एप्रिल २०१७ला सिरियातल्या खान शेखूनमध्ये जे सारिन वापरलं गेलं त्याची तुलना तर थेट सिरियानं २०१४मध्ये नष्ट करायला दिलेल्या कच्च्या रसायनाशी करता आली. अशुद्धी जुळल्या. बॅच ओळखायची असेल तर आम्हीही अशुद्धीच बघतो. माल कुणाचा ते त्यातल्या घाणीवरून कळतं.

आणि हे निरीक्षक एकाच बाजूला बोट दाखवतात असंही नाही. सिरियातल्याच मारेआ गावात २०१५ साली मस्टर्ड वायू (कातडी भाजणारं रासायनिक अस्त्र) वापरला तो आयसिसनं, हेही त्यांनीच लिहिलं.

आता आपल्या देशाबद्दल. इथे कुणी विचारलं की मी मान वर करून सांगते: भारतानं १९९७मध्ये आपला मस्टर्डचा साठा, हजार टनांहून जास्त, जाहीर केला आणि २००९पर्यंत शेवटच्या थेंबापर्यंत नष्ट केला. अमेरिकेला ते काम उरकायला २०२३ उजाडलं. ही साधी गोष्ट नाही. पण जून २०१८मध्ये याच हेगमध्ये, त्या संघटनेच्या बैठकीत, ‘हल्ला झाला का’ एवढंच न सांगता ‘कुणी केला’ हेही सांगायचा अधिकार निरीक्षकांना द्यावा असा ठराव आला, तेव्हा ८२ देश बाजूनं होते आणि २४ विरोधात. त्या २४ मध्ये आपण होतो. घाईनं, पुरेशा सल्लामसलतीशिवाय आणलेला ठराव, अधिकारांचा राजकीय वापर होण्याची भीती, ही कारणं मला समजतात. गटबाजीत न पडण्याचं आपलं धोरण मी अनेकदा इथल्या लोकांसमोर हिरिरीनं मांडलं आहे, आणि पुढेही मांडेन. फक्त आजोबांसमोर मांडता आलं नाही. त्यांनी विचारलंच नव्हतं, तरी.

डच लोकांनाही फार उंचावर बसवायचं कारण नाही. सद्दामला मस्टर्डसाठी कच्चा माल विकणारा व्यापारी फ्रान्स व्हान अनराट त्यांच्यातलाच. पण त्यांनी त्याला इथल्याच न्यायालयात उभं केलं, २००५मध्ये १५ वर्षांची शिक्षा दिली आणि अपिलात ती १७ केली. भोपाळच्या निकालाला जवळजवळ २६ वर्षं लागली, शिक्षा दोन वर्षांची, आणि युनियन कार्बाइडचा प्रमुख अँडरसन भारतातल्या न्यायालयात कधी उभा राहिलाच नाही. मुद्दा वेगळा आहे, तो अपघात होता, हे कळतं मला. तरी आठवतं.

आजोबांना मी फ्रान्स देशातल्या खटल्याबद्दल विचारलं. तिथल्या न्यायाधीशांनी नोव्हेंबर २०२३मध्ये घुताच्या हल्ल्यासाठी बशर अल असदवर अटक वॉरंट काढलं होतं. जुलै २०२५मध्ये वरच्या न्यायालयानं ते रद्द केलं, कारण काढलं तेव्हा तो सिरियाचा राष्ट्राध्यक्ष होता. आता तो पदावर नाही, मॉस्कोत आहे, त्यामुळे नवीन वॉरंट निघू शकतं असंही त्याच न्यायालयानं सांगितलं, आणि नंतर ते निघालंही. आजोबा म्हणाले, ‘कागद नीट लिहायला हवा. तारीख, गाव, सगळं. मी सांगितलंय त्यांना.’ त्यांची साक्ष कुठे, कुणासमोर झाली ते मी विचारलं नाही.

मी तक्रार मागे घेतली. घरमालक संस्थेनं लिहिलं की जिना तरीही मोकळाच हवा. मग आम्ही असं ठरवलं की खुर्च्या, बॅग आणि पोतं माझ्या खोलीत खाली ठेवायचं, आणि सायकल त्यांच्या बाल्कनीत. त्यांच्या तळघराच्या खोलीची किल्लीही आता माझ्याकडे असते. काल संध्याकाळी त्यांना सायकलचा पंप हवा होता. ते जिन्याच्या दाराशी उभे राहिले, मी खाली जाऊन घेऊन आले. दार त्यांनी पूर्ण वेळ उघडं धरून ठेवलं होतं.