सुई, दोरा आणि चॉल्डनची भिंत

इंग्लंडमधलं विंचेस्टर सोडून किती दिवस झाले, कुणी विचारलं असतं तर पटकन सांगता आलं नसतं. फार्नम झालं, गिल्डफर्ड झालं, रायगेटची चढण झाली. विंचेस्टरपासून कँटरबरीपर्यंत एकूण जवळपास 190 किलोमीटर, आणि पोचायचं 7 जुलैला. कँटरबरीचा आर्चबिशप संत थॉमस बेकेट याचा खून तिथल्याच कॅथेड्रलमध्ये, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, झाला 1170 मध्ये. 1220 साली 7 जुलैला त्याच्या अस्थी तळघरातून वर आणून नव्या समाधीत ठेवल्या, म्हणून इथली मोठी यात्रा त्या दिवसाची. 2025 मध्ये आषाढी आली 6 जुलैला. बाबा तिकडे दिंडीत होते. मला रजा काढून पंढरीला जाणं जमेना, म्हणून मी इकडे चालू लागले.

टाळ नाही, पखवाज नाही, पुढच्याच्या पाठीवर नजर लावून चालावं तर पुढे कुणीच नाही. मर्स्टमजवळ वाट मोटरवेखालून जाते. तिथे डोक्यावरून ट्रक धडधडत होते आणि मी ओरडून ‘ज्ञानोबा-तुकाराम’ म्हणून पाहिलं. माझं मलाच ऐकू येईना. राग आला, रडूही आलं. ऊन तीस अंशांच्या वर. पायाखाली पांढरी खडूची वाट आणि तिच्यातून वर आलेले गारगोटीचे धोंडे. डाव्या टाचेवर फोड आलेला होताच, आता उजव्या चवड्यावरही टरारला. चॉल्डन गावच्या चर्चपाशी आले ती निव्वळ सावलीसाठी.

चर्च लहानसं, गारगोटीच्या भिंतींचं, झाडांच्या आड. आत थंडगार. एक आजीबाई गुडघे टेकायच्या उशांचं भरतकाम दुरुस्त करत बसल्या होत्या. माझी चाल बघून त्या उठल्या, फुलांसाठी भरून ठेवलेली पाण्याची बादली माझ्यापुढे आणली आणि म्हणाल्या, “आधी पाय घाला, मग बोलू.” देवाच्या फुलांचं पाणी! मी मागे सरले. त्यांनी माझा बूट स्वतः सोडला.

मी त्यांच्याकडे सुई मागितली. आपल्याकडे दिंडीत करतात तसं, सुईत साधा सुती दोरा ओवला, फोडाच्या एका बाजूने घालून दुसरीकडून काढला आणि दोरा आतच ठेवला, म्हणजे पाणी दोऱ्यावाटे झिरपत राहतं आणि वरची कातडी सुटत नाही. त्यांनी हे कधी पाहिलेलं नव्हतं. “कुणी शिकवलं?” “बाबांनी.” दुसऱ्या पायाचा फोड त्यांनीच ओवला. हात थरथरत होता, पण मला दुखलं नाही.

पाय बादलीत असतानाच मी मान वर केली आणि पश्चिमेची सगळी भिंत दिसली. लाल आणि पिवळसर रंगात माणसंच माणसं. लाल म्हणजे आपला गेरू, गावाकडच्या भिंतीवरचा. साधारण 1200 सालचं हे चित्र, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही नव्वदेक वर्षं आधीचं. धर्मसुधारणेच्या काळात, चर्चमधली चित्रं झाकून टाकत होते तेव्हा, ते चुन्याखाली गेलं आणि 1870च्या सुमारास भिंत पुन्हा रंगवायला घेतली तेव्हा तिथल्या पाद्रीबाबांना चुन्याआड रंग दिसला. तीनशे वर्षं लोक कोऱ्या भिंतीकडे पाठ करून प्रार्थना करत होते, आणि ही सगळी मंडळी मागे उभी होती.

मधोमध उभी शिडी. काही जीव चढताहेत, काही खाली कोसळताहेत. सोपान. हा शब्द मनात येताच निवृत्ती, ज्ञानदेव, मुक्ताई ओळीने आले. वर एका बाजूला देवदूत तराजूत जीव तोलतोय आणि सैतान पारडं ओढायला बघतोय. खाली कढईत माणसं शिजताहेत, सावकार ज्वाळांत बसलाय. उजवीकडे दोन राक्षसांनी धरलेला खिळ्यांचा पूल, त्यावर लबाड कारागीर: ऐरणीशिवाय नाल ठोकणारा लोहार, चाकाशिवाय मडकं घडवणारा कुंभार. कुंभार बघून गोरोबाकाका आठवले आणि मला त्याची दया आली. खिळ्यांवरचे ते पाय मी फार वेळ बघत बसले. निरक्षर गावाला हे चित्र दर रविवारी दिसत असणार. वाट चुकली तर पायांचं काय होतं, ते त्यांना कुणी वेगळं सांगायला नको.

आजींनी विचारलं, “तुमच्याकडे चालताना काय म्हणतात?” मी म्हटलं. हळूच सुरुवात केली. दगडी भिंतींनी आवाज धरला आणि मोठा करून परत दिला. मोटरवेखाली हरवलेलं नाव इथे मिळालं. आजींनी शिवण खाली ठेवली आणि पायाने ठेका धरला.

बादलीचं पाणी त्यांनी बाहेर गुलाबांना घातलं. पैसे घेतले नाहीत. नाव विचारायचं राहून गेलं.

पुढे ऑटफर्ड, चेरिंग, चिलम. एकादशी रस्त्यातच गेली. उपासाचे शेंगदाणे संपले होते, चिडचिड झाली, बाबांचा फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशी हार्बलडाउनच्या उतारावर कॅथेड्रलचा मधला उंच मनोरा दिसला. आपसूक हात जोडले. कळसदर्शन. आत गेले तर समाधी नाही. 1538 मध्ये राजा आठव्या हेन्रीने ती मोडून टाकली, आता त्या जागी फरशीवर एक मेणबत्ती जळते. तिच्यापुढे बसले. संध्याकाळी खोलीवर येऊन टाचेतला दोरा ओढला. कोरडा निघाला.